चित्रपटात न दिसलेला रुग्ण

आमच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस होता. रात्री अडीचच्या सुमारास वॉर्ड जरा शांत झाला, साइडरूममध्ये चहा आला आणि चहाबरोबर वाद. विषय एका स्वीडिश सिनेमाचा होता. ‘स्नाब्बा कॅश’, म्हणजे आपल्या भाषेत ‘झटपट पैसा’. २०१० साली आलेला, स्टॉकहोममधल्या कोकेनच्या धंद्यावरचा हा थरारपट आमच्या एका रेसिडेंटनं मोबाइलवर दोन बैठकांत संपवला होता आणि त्याच्या मते असा सिनेमा वर्षातून एखादाच येतो. दुसरीचं म्हणणं, कसला भारी? सूट, गाड्या, क्लब दाखवून तस्करांना हिरो केलंय. इंटर्नला अर्ध्या तासात झोप लागली होती, कारण कोण कोणाच्या बाजूचा आणि कोण कुठली भाषा बोलतोय हेच त्याला कळेना. सिस्टरांनी सिनेमा पाहिला नव्हता, पण गोष्ट ऐकून त्यांनीही मत दिलंच : ‘‘त्या पोराच्या आईबापाचं काय झालं, ते दाखवलंय का?’’

मी त्या रात्री गप्प बसलो, कारण मीही सिनेमा पाहिला नव्हता. रविवारी पाहिला. आणि आता माझंही एक मत आहे. ते डॉक्टरचं मत आहे, समीक्षकाचं नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. येन्स लापिदुस या वकिलाची याच नावाची कादंबरी २००६ साली आली, तिच्यावर डॅनियल एस्पिनोसानं हा सिनेमा केला. जे. डब्ल्यू. हा साध्या घरातला, हुशार, अर्थशास्त्र शिकणारा मुलगा. श्रीमंत मित्रांमध्ये आपणही त्यांच्यातलेच आहोत असं सोंग करतो आणि ते सोंग निभावण्यासाठी रात्री बेकायदा टॅक्सी चालवतो. टॅक्सीवाल्या मालकाचा खरा धंदा कोकेनचा. तिथून तो आत ओढला जातो. दुसरा होर्हे, तुरुंगातून पळालेला लॅटिन अमेरिकी वंशाचा तरुण. तिसरा म्रादो, सर्बियन टोळीचा मारेकरी, ज्याच्यावर अचानक लहान मुलीला सांभाळायची वेळ आलेली आहे. हे तिघे एकमेकांच्या वाटेत येतात आणि शेवट व्हायचा तसा होतो. पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांच्या नावाचा आधार घेऊन हा सिनेमा अमेरिकेत लागला, त्याचे आणखी दोन भाग निघाले आणि २०२१ मध्ये त्याच नावाची मालिकाही आली.

आमच्या इंटर्नला ज्याची झोप आली, ते मला सिनेमाचं बळ वाटलं. स्वीडिश, स्पॅनिश, सर्बियन, अरबी अशा भाषांची सरमिसळ आहे आणि एका टेबलावर बसलेले सगळेच दुसऱ्याचं बोलणं पूर्ण कळत नाही या भीतीत असतात. तस्करीला हिरो केलं, हा आक्षेप मला पटत नाही. जे. डब्ल्यू.च्या चेहऱ्यावर आनंद असा पाच मिनिटंही टिकत नाही. नव्या शर्टाच्या आतही तो घाबरलेलाच आहे. माझी भाची गेली काही वर्षं स्टॉकहोमजवळ किस्ता इथे नोकरी करते. आयटीवाल्यांची ही वस्ती, आपल्याकडची बरीच मुलं तिथे आहेत. तिला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘मामा, इथे लोकांचं भांडण वेगळंच असतं. बाहेरून आलेल्या माणसांना पडद्यावर गुन्हेगारच का करता, असं काही जण विचारतात. बाकीचे म्हणतात, जे आहे तेच दाखवलंय.’’ किस्ताच्या शेजारी रिंकेबी नावाचं उपनगर आहे, स्थलांतरितांचं. गोळीबाराच्या बातम्यांत त्याचं नाव येतं. भाची तिथे भाजी आणायला जाते. ‘‘कोथिंबीर तिथेच चांगली मिळते,’’ हे तिचं त्या वस्तीबद्दलचं मत.

तेव्हा सिनेमा मला आवडला. पण पावणेदोन-दोन तास पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की किलोंच्या हिशेबात ज्याची चर्चा चालली आहे, ते कोकेन शेवटी जातं कुठे? कुणीतरी ते नाकात ओढतं. त्या माणसाचं पुढे काय होतं? कोकेन इथे एक पार्सल आहे. त्याच्या जागी हिरे असते, बनावट नोटा असत्या, तरी कथेला फारसा धक्का लागला नसता. वापरणारा असलाच तर पार्टीच्या गर्दीत, मागे, धूसर.

संपूर्ण सिनेमात रुग्ण म्हणावा असा एकच माणूस माझ्या लक्षात राहिला, तो होर्हे. म्रादोची माणसं त्याला बेदम मारतात आणि जे. डब्ल्यू. त्याला उचलून नेतो. कुठे? रुग्णालयात नाही. स्वतःच्या हॉस्टेलच्या खोलीवर. युरोपातल्या उत्तम आरोग्यव्यवस्थांपैकी एक जिथे आहे त्या शहरात, हाडं मोडलेला माणूस हॉस्टेलच्या पलंगावर पडून बरा होतो, कारण रुग्णालय म्हणजे पोलीस. प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही पाहताना वाटलं नाही. नंतर वाटलं.

याचं एक साधं कारण असावं. लापिदुस फौजदारी वकील आहे. वकिलाला अशील दिसतो, मला रुग्ण दिसतो. तो आरोपींच्या जगावर लिहिणार, हे ओघानं आलंच. मात्र या धंद्यावरच्या बहुतेक सिनेमा-मालिकांचं असंच असतं आणि आपल्या बातम्यांचंही. अमुक कोटींचा साठा जप्त, तमुक गावातला एमडीचा कारखाना उद्ध्वस्त. त्या साठ्यातलं एक ग्रॅम एखाद्याच्या अंगात गेल्यावर काय होतं, ते बातमीत नसतं.

म्हणून ते इथे लिहितो. कोकेन हृदयावर एकाच वेळी दोन बाजूंनी घाव घालतं. एकीकडे नाडी आणि रक्तदाब चढवतं, त्यामुळे हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. दुसरीकडे त्याच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आकसवतं, म्हणजे पुरवठा कमी होतो. शिवाय रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. रोहिणीत आधीचा अडथळा नसलेल्या तिशीतल्या माणसालाही यातून हार्ट अटॅक येऊ शकतो. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २४ पट आढळला होता. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाइथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ अंगात राहतं आणि हृदयाला तेही घातक. पार्टीत दोन्ही गोष्टी एकत्रच असतात, हे वेगळं सांगायला नको. अंगाचं तापमान भलतंच चढणं, फिट येणं, मेंदूत रक्तस्राव होणं, हेही आम्ही पाहतो. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडणं हे त्या मानानं किरकोळ म्हणायचं.

आता एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काही वर्षांपूर्वी पहाटे एका तरुणाला दोघा मित्रांनी कॅज्युअल्टीत आणलं. वय सत्तावीस-अठ्ठावीस. छातीत कळ, घामानं चिंब, नाडी १४०, रक्तदाब चढलेला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. ईसीजीत हार्ट अटॅकच्या खुणा. काही घेतलंय का, विचारलं. ‘‘नाही सर, फक्त दोन बीअर.’’ मित्रही तेच. आणि रुग्णाला स्ट्रेचरवर चढवून होईपर्यंत मित्र गायब.

धडधडणारं हृदय शांत करायला बीटा ब्लॉकर नावाची औषधं आमच्या हाताशी असतात. एरवी अशा रुग्णाला त्यांचा विचार आम्ही करतो. पण अंगात कोकेन असेल, तर तीच औषधं रोहिण्यांचं आकसणं वाढवू शकतात, असा इशारा आम्ही शिकलेलो आहोत. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण त्या ऐन वेळी आम्ही ती टाळतो. तिथे आधी घबराट आणि ताण उतरवणारं डायझेपामच्या जातीतलं औषध द्यायचं, मग रोहिण्या सैल करणारं. म्हणजे ‘दोन बीअर’ आणि ‘दोन बीअर आणि एक रेघ’ या दोन उत्तरांत उपचाराची दिशा बदलते. लघवीच्या तपासणीत ते कळतं, पण अहवाल येईपर्यंत हृदयाचा स्नायू थांबून राहत नाही.

ड्यूटीवरच्या मुलीला बाहुल्यांवरून शंका आली, तिनं इंजेक्शन हातातच ठेवलं आणि मला फोन केला. तेवढ्यात एक मित्र परत आला. फाटकापर्यंत गेला होता म्हणे. मान खाली घालून त्यानं सांगितलं आणि लगेच विचारलं, ‘‘आता पोलीस येणार का?’’

रुग्ण वाचला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि त्याचं उत्तर शोधताना पुन्हा स्वीडनकडेच वळावं लागतं, कारण या प्रश्नाशी त्या देशानं आमच्याहून फार आधी झुंज घेतली आहे. तीही एका डॉक्टरच्या पुढाकारानं.

१९६५ ते १९६७ या काळात स्टॉकहोममध्ये एक धाडसी प्रयोग झाला. व्यसनी माणसांना डॉक्टरांनीच अ‍ॅम्फेटामिन आणि मॉर्फिनसारखी द्रव्यं कायदेशीर चिठ्ठीवर लिहून द्यायची. हेतू चांगला होता, अंमल वाईट. मात्रा वाढत गेल्या, औषधं मित्रांमध्ये वाटली जाऊ लागली, आणि एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर प्रयोग बंद पडला. त्याच सुमारास निल्स बेयेरोत हा पोलिसांबरोबर काम करणारा डॉक्टर अटकेतल्या माणसांच्या हातांवरच्या सुयांच्या खुणा मोजत होता. हा तोच बेयेरोत, ज्याच्याकडे ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ या कल्पनेचं जनकत्व जातं. १९७३ च्या बँक दरोड्यात तो पोलिसांचा सल्लागार होता. त्याचं निदान असं : चिठ्ठ्यांचा प्रयोग सुरू असताना खुणा वाढल्या, कडक धोरण आल्यावर कमी झाल्या. यावरून त्यानं मांडलेला सिद्धांत तर्कशुद्ध वाटतो. विक्रेता पकडला तर उद्या दुसरा उभा राहतो, त्याच्या वरचा पकडला तर तिसरा. साखळीतला ज्याच्या जागी दुसरा आणता येत नाही असा दुवा एकच, वापरणारा. तेव्हा प्रहार तिथे करा.

स्वीडननं तेच केलं. १९८८ मध्ये अमली पदार्थाचं नुसतं सेवन गुन्हा ठरलं. १९९३ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा जोडली गेली आणि संशयिताची रक्त-लघवी तपासायची मुभा पोलिसांना मिळाली. एड्सच्या काळात निर्जंतुक सुया देणारी केंद्रं लुंड आणि माल्मो या दक्षिणेकडच्या शहरांत १९८६-८७ लाच सुरू झाली, पण राजधानी स्टॉकहोमला असं केंद्र उघडायला २०१३ उजाडलं. सुया दिल्या तर व्यसनाला मान्यता दिल्यासारखं होईल, ही भीती.

मी स्वतः उदारमतवादाचा भक्त नाही. चिठ्ठीवर नशा वाटणारा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर झाला असता तर मीही विरोध केला असता. आणि शाळकरी मुलांमध्ये अमली पदार्थांचं प्रमाण स्वीडनमध्ये दीर्घकाळ कमी राहिलं, हे त्या धोरणाच्या बाजूनं मान्य केलंच पाहिजे. पण दुसरं पारडंही पाहावं लागतं. अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या दरात हाच देश अनेक वर्षं युरोपात वरच्या रांगेत आहे. त्यातले बरेच मृत्यू ओपिऑइड गटातल्या द्रव्यांचे. या द्रव्यांनी श्वास मंदावत मंदावत थांबतो. नालोक्सोन नावाचं औषध वेळेवर मिळालं तर श्वास काही मिनिटांत परत येतो. आमच्या कॅज्युअल्टीत ते इंजेक्शन देताना निळा पडलेला माणूस उठून बसलेला पाहणं, हा आमच्या व्यवसायातला दुर्मीळ आनंद. स्वीडनमध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा व्यसनी माणसाला घरी ठेवायला देण्याची वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. घरात फवारा असला तरी तो मारायला शेजारी कुणीतरी लागतो आणि त्या कुणीतरी मदतीसाठी फोन करावा लागतो. ज्याला स्वतःची लघवी तपासली जाण्याची भीती आहे, तो फोन करायला किती वेळ लावेल?

गंमत अशी की बेयेरोतचं अर्धं म्हणणं ‘स्नाब्बा कॅश’ पुराव्यानिशी सिद्ध करतो. विक्रेते खरोखरच बदलता येतात. सिनेमात एक मेला की दुसरा, टोळी फुटली की नवी टोळी. मालिकेत तर ती जागा भरायला पोरं आणली आहेत. तिथला तीम नावाचा किशोरवयीन मुलगा टोळीत कसा शिरतो, ते पाहताना मला मूळ सिनेमापेक्षा जास्त त्रास झाला. हे पटकथेतलं तिखटमीठ नाही. स्वीडनमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलावर खटला चालत नाही, आणि टोळ्यांना हे कायद्याच्या विद्यार्थ्यांइतकंच पाठ आहे. त्या देशाच्या गुन्हे प्रतिबंधक परिषदेनं २०२१ साली दिलेला आकडा असा : बंदुकीनं होणाऱ्या हत्या दर दहा लाखांमागे वर्षाला चार, युरोपची सरासरी १.६. शांत, नीटनेटक्या स्वीडनचं चित्र मनात असलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं. थरारपट अतिशयोक्ती करतात, असं म्हणणाऱ्या प्रेक्षकांचं तिथे काही चालत नाही.

थोडक्यात, धोरणानं वापरणाऱ्याला मध्यभागी आणलं, पण आरोपी म्हणून. थरारपटानं त्याला चौकटीबाहेर काढलं. तो आजारी आहे, त्याच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा बिघडली आहे, त्याला पुन्हा पुन्हा उपचार लागतील आणि तो मधेमधे घसरेल, मधुमेहाचा रुग्ण पथ्य मोडतो तसाच, हे दोन्हीकडे राहून गेलं.

आपल्याकडे काय आहे? १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात सेवन हा गुन्हाच आहे. कलम २७ प्रमाणे कोकेनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात द्रव्य बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचारासाठी आली आणि तिनं ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. कॅज्युअल्टीत विषबाधेची किंवा अशा द्रव्याची शंका आली की आम्ही एमएलसी नोंदवतो, पोलिसांना कळवतो. हे मी लपवणार नाही. त्या मित्राच्या प्रश्नाला ‘‘नोंद होईल’’ असंच उत्तर मी दिलं होतं. मात्र नोंद होणं आणि मित्राला उचलून आणणाऱ्याला आरोपी करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘दोन बीअर’ सांगितल्यानं नोंद टळत नाही. टळतो तो योग्य उपचार. १०८ ला फोन करा, द्रव्याचं जे नाव तुम्हाला माहीत असेल ते सांगा, किती वाजता घेतलं ते सांगा, पुडी उरली असेल तर रंग तरी सांगा. आणि माणसाला सोडून जाऊ नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका.

हे सगळं मी पुढच्या इमर्जन्सीच्या रात्री चहाला ऐकवलं. सिनेमा भारी म्हणणारा रेसिडेंट थोडा हिरमुसला. ‘‘सर, थ्रिलरमध्ये आयसीयू दाखवला तर कोण बघेल?’’ मग त्यालाच आठवलं. ‘‘पण दुसऱ्या भागात आहे बघा. म्रादोला गोळी लागते ना, तो पुढे कमरेखाली लुळा होतो. व्हीलचेअरवर. आणि ज्यानं गोळी घातली तो जे. डब्ल्यू. त्याच्याच कोठडीत.’’

मी विचारलं, ‘‘बेडसोअर दाखवलेत? कॅथेटर कोण बदलतं?’’

तो विचारात पडला. सिस्टर चहाचे कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आणि त्याची ती लहान मुलगी? ती कुणाकडे असते?’’ तेवढ्यात खालून फोन आला, छातीत दुखणारा एक पेशंट आला होता, वय चौतीस. पोरगा जिन्याकडे धावला आणि वळणावरून ओरडला, ‘‘विचारतो सर, पहिल्यांदा तेच विचारतो.’’